चौकटीत मावणारी मराठी

१९९०च्या दशकात विदर्भातल्या गावांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो मुळात जपानी होता. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या स्वस्त नकला पुढे साऱ्या आशियात पसरल्या, आणि आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेट खोचायचे जे गेम मिळत ते बहुतेक याच नकला होत्या. कॅसेटची ६० पिनांची घडणसुद्धा फॅमिकॉमचीच. त्यामुळे कधीकधी पडद्यावर जपानी पाट्या यायच्या. कोणाचंही काही अडत नसे. मारिओने उजवीकडे पळायचं, खड्डा आला की उडी मारायची, कासव दिसलं की त्याच्या पाठीवर पडायचं, हे कळायला वाचता येण्याची गरजच नव्हती.

अडायचं ते दुसऱ्या जातीच्या गेमपाशी. १९८६ साली जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि तिथे कथाप्रधान गेमची लाट उसळली. या गेममध्ये गावात शिरायचं, माणसांशी बोलायचं, कोणी सांगितलेल्या खुणेवरून पुढचं गाव शोधायचं, दुकानात सौदा करायचा. तासन्‌तास वाचायचं आणि मधूनमधून लढायचं. यातला मजकूर काढून घेतला तर खेळायला काही उरत नाही. असे शेकडो गेम जपानातच राहिले. भाषांतरकाराचे पैसे, मजकूर नव्याने बसवणाऱ्या प्रोग्रॅमरचे पैसे, परदेशात विकण्याचा खर्च ही बेरीज कंपनीला परवडली नाही की गेम जपानबाहेर पडत नसे.

हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी जिवाला लागणारी होती. टीव्हीला जोडायच्या अनेक कन्सोलवर दुसऱ्या देशाची कॅसेट चालू नये अशी सोय कंपन्या करून ठेवत. गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स, निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी यांच्यावर मात्र जपानात घेतलेला गेम सहसा कुठल्याही देशातल्या यंत्रावर सुरू होई. म्हणजे कॅसेट हातात, यंत्र हातात, गेम चालू, आणि पडद्यावरचं एक अक्षर कळत नाही. या एवढ्याशा अंतरावर ज्यांना गप्प बसवेना, त्या लोकांनी स्वतः भाषांतर करायला घेतलं.

कंपनीच्या आधी चाहते

या कामाचा एक जुना नमुना १९९३चा आहे. एमएसएक्स नावाच्या घरगुती संगणकाचे युरोपातले चाहते एकत्र आले आणि ‘ओॲसिस’ या गटाने कोनामी कंपनीचा ‘एसडी स्नॅचर’ इंग्रजीत आणला. पुढचा टप्पा १९९७चा. ‘आरपीजीई’ नावाच्या गटाने ‘फायनल फँटसी ५’चं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर ठेवलं. हा गेम जपानात १९९२ साली आला होता. तो बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं इंग्रजी भाषांतर आलं १९९९ साली. चाहते दोन वर्षं आधी पोचले होते, तेही एकमेकांना न भेटता, फावल्या वेळात.

हातातल्या यंत्रांवरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ‘मदर ३’चं. शिगेसातो इतोई हे जपानातले नामांकित जाहिरात-लेखक; त्यांनी लिहिलेला हा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा गेम २० एप्रिल २००६ रोजी निघाला. निन्टेन्डोने तो इंग्रजीत आणला नाही. क्लाइड मँडेलिन हे व्यवसायाने जपानी-इंग्रजी भाषांतरकार. त्यांच्या पुढाकाराने एका छोट्या गटाने काम हाती घेतलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये इंग्रजी पॅच, म्हणजे मूळ गेमवर चढवायच्या बदलांची फाइल, खुला केला. पुढे मँडेलिन यांनी हा सगळा मजकूर कंपनीला फुकट द्यायची तयारी जाहीरपणे दाखवली. कंपनीने तो घेतला नाही, आणि गटावर कारवाईही केली नाही.

अक्षर सापडतं कसं

बाहेरच्या माणसाला वाटतं की भाषांतरकाराला जपानी आलं की झालं. प्रत्यक्षात जपानी येणं हे निम्मंच काम आहे. आधी गेमच्या पोटात मजकूर कुठे दडलाय ते शोधावं लागतं.

कॅसेटमधल्या चिपवरची सगळी माहिती संगणकावर उतरवून घेतली की जी फाइल तयार होते तिला ‘रॉम’ म्हणतात. ती उघडली की दिसतात फक्त आकडे: ० ते २५५ यांपैकी एक आकडा म्हणजे एक बाइट, असे लाखो बाइट. संगणकावर कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा याचे ठरलेले संकेत आहेत. जुन्या गेमच्या प्रोग्रॅमरना त्यांचं बंधन नव्हतं. प्रत्येक जण आपल्या मनाने अक्षरांना क्रमांक देई. त्यामुळे प्रत्येक गेमची लिपी नव्याने उलगडावी लागते.

इथे एक युक्ती कामी येते. क्रमांक माहीत नसले, तरी प्रोग्रॅमरने अक्षरं ओळीने ठेवली असतील हे धरून चालता येतं. जपानी मुळाक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो. मग का, की, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल, आणि त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम्‌ लिपी आणि संस्कृत वर्णमालेचं शास्त्र जपानात गेलं. जपानी मुळाक्षरांच्या मांडणीवर त्याचा ठसा आहे असं अभ्यासक मानतात. आधी स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत येणारी व्यंजनं, हा आपला क्रम तिथे जवळपास तसाच टिकला.

या क्रमात ‘का’ सहावं आणि ‘सा’ अकरावं. म्हणजे पडद्यावर ‘का’नंतर ‘सा’ दिसत असेल, तर रॉममध्ये कुठेतरी असे दोन बाइट शेजारी असणार की दुसरा पहिल्यापेक्षा ५ ने मोठा आहे. दोन अक्षरांवर भागत नाही, कारण अशा जोड्या हजारो निघतील. पण सात-आठ अक्षरांचा शब्द घेतला आणि त्यातली सगळी अंतरं जुळवली, तर एक-दोनच जागा उरतात. तिथून एका अक्षराचा आकडा मिळाला की बाकीचे ओळीने मिळतात. मग अक्षर आणि आकडा यांचा तक्ता करायचा आणि त्याच्या आधारे सगळा मजकूर बाहेर काढायचा. आता कुठे भाषांतरकाराचं काम सुरू होतं.

भांडण जागेशी

भाषांतर तयार झालं की ते परत आत बसवायचं असतं, आणि खरी कसोटी तिथे लागते.

१९८९ साली आलेल्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आहे. त्यावरचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींतून जुळवलेलं असतं: आडव्या २० आणि उभ्या १८ चौकटी. एका चौकटीत एक अक्षर. चिनी वळणाची कांजी अक्षरं एवढ्याशा जागेत वाचण्याजोगी उमटत नाहीत, म्हणून गेम बॉयवरचे जपानी गेम बहुधा काना या साध्या अक्षरांतच लिहिलेले असतात. कानातल्या एका अक्षरात अख्खा ‘का’ किंवा ‘मु’ मावतो. इंग्रजीला त्यासाठी दोन अक्षरं लागतात. पहिल्या ‘पोकेमॉन’मध्ये प्राण्याच्या नावाला जपानीत ५ अक्षरांची जागा होती; इंग्रजी आवृत्तीत ती १० करावी लागली. कंपनीकडे मूळ प्रोग्रॅम असतो, तिला हे जमतं. चाहत्यांना तयार इमारतीच्या भिंती बाहेरून सरकवाव्या लागतात.

मजकूर लांबला की आणखी एक गोष्ट बिघडते. कुठलं वाक्य कुठल्या जागेपासून सुरू होतं याच्या नोंदींचा एक तक्ता गेममध्ये असतो. पुस्तकातलं एक प्रकरण चार पानांनी वाढलं की पुढची सगळी अनुक्रमणिका चुकते, तसंच इथे होतं. पहिलं वाक्य तीन बाइटनी वाढलं तर पुढची सारी वाक्यं अर्ध्यातून सुरू होतात, किंवा गेम बंदच पडतो. म्हणून प्रत्येक नोंद नव्याने मोजून लिहावी लागते. गेम बॉयची कॅसेट १६ किलोबाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते. एक कप्पा भरला तर रॉमची फाइल वाढवून मजकूर नव्या कप्प्यात हलवायचा आणि गेमला तिकडे पाहायला शिकवायचं. हे काम भाषेचं राहत नाही, ते प्रोग्रॅमरचं होतं.

तिसरी अडचण अक्षरांच्या रुंदीची. कानातली सगळी अक्षरं सारख्या रुंदीची. इंग्रजी ‘आय’ आणि ‘एम’ मात्र एकाच मापाच्या चौकटीत ठेवले की ओळ दात पडल्यासारखी दिसते आणि निम्मी जागा वाया जाते. ‘फायनल फँटसी ५’च्या चाहत्यांनी प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाएवढीच जागा देणारा नवा भाग गेममध्ये घातला. त्या काळी हे मोठं धाडस होतं. नंतर ती रूढ पद्धत झाली.

मग देवनागरी?

मराठी वाचकाला इथे प्रश्न पडणारच. असा गेम मराठीत आणायचा म्हटला तर?

पहिलं उत्तर असं की ८ ठिपक्यांच्या उंचीत मराठी मावत नाही. शिरोरेषेला १ ओळ, अक्षराच्या अंगाला ६ ते ७, वरच्या वेलांटी-मात्रा-रफाराला ३, खालच्या उकाराला ३. बेरीज १३-१४ वर जाते. म्हणजे उभ्या दोन चौकटी हव्यात. पण हातचं गणित करून पाहिलं तर घाबरण्यासारखं काही निघत नाही. दोन ओळींच्या संवादाला चार चौकटींची उंची, वर-खाली चौकटीची किनार धरून सहा. १८ पैकी ६, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्सा.

शिवाय जपानीनेच आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. कानात ‘का’चा ‘गा’ करायला अक्षराच्या माथ्यावर दोन बारीक रेघा देतात. बऱ्याच जुन्या गेममध्ये या रेघा वरच्या वेगळ्या चौकटीत काढत, आणि त्यासाठी दोन ओळींच्या मधली एक ओळ रिकामी सोडत. इंग्रजी भाषांतरात ती रिकामीच राहते. मराठीत तिथे वेलांट्या आणि रफार बसतील.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. मोबाइलवर आपण ‘क’ नंतर ऱ्हस्व इकार टाइप करतो आणि तो आपोआप ‘क’च्या आधी जाऊन बसतो, ‘र’ आणि ‘म’ जोडले की रफार ‘म’च्या डोक्यावर चढतो. ही उलथापालथ करणारी यंत्रणा फोनमध्ये असते. गेम बॉयमध्ये ती नाही. त्याला फक्त एवढंच येतं: आकडा आला की त्या आकड्याचं चित्र पुढच्या जागेत काढायचं.

पण मराठीने या कोंडीतून एकदा वाट काढलेली आहे. युनिकोड येण्याआधी तालुक्याच्या प्रत्येक डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फलक मराठीतच तयार होत होते. तेव्हाचे फाँट, उदाहरणार्थ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, अक्षरांचे तुकडे करून २५६ घरांत बसवत: अर्धा ‘क’, अर्धा ‘त’, काना, वेलांटी, रफार, उकार. ऑपरेटर हे तुकडे दिसतात त्या क्रमाने रचायचा. गेम बॉयच्या एका बाइटमध्येही २५६ घरंच असतात. मग मजकूर संगणकावर लिहून, त्याचे असे तुकडे पाडून, ते क्रमाने रॉममध्ये भरले, तर यंत्राला देवनागरी कळण्याची गरजच राहत नाही.

मागे गेलं तर पुण्याच्या सी-डॅकचं कामही आठवतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ‘जिस्ट’ हे तंत्र १९८८ साली सी-डॅक स्थापन झाल्यावर पुण्यात वाढलं. मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा. इंग्रजीपुरत्याच बनवलेल्या संगणकात एक कार्ड बसवलं की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. १९९१ साली ‘इस्की’ हा सांकेतिक तक्ता भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्यात खालची १२८ घरं इंग्रजीची आणि वरच्या १२८ घरांत भारतीय लिपीची अक्षरं होती. दुसऱ्याच्या लिपीसाठी बनलेल्या यंत्रात आपली लिपी घुसवणं हा आपल्याकडे जुना, यशस्वी धंदा आहे. मराठी गेममध्ये मावत नाही, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

तलवार मिळाली, दगड मिळाला

लिपी बसली की व्याकरण उभं राहतं. अशा गेममध्ये एकच वाक्य शेकडो वस्तूंसाठी वापरलेलं असतं: आधी वस्तूचं नाव, पुढे ‘हाती आलं’ अशा अर्थाचं क्रियापद. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून एक साचा सगळ्यांना पुरतो. मराठीत तलवार मिळाली, दगड मिळाला, औषध मिळालं. एक तर प्रत्येक वस्तूपाशी तिचं लिंग नोंदवून तीन साचे करायचे, नाही तर ‘हाती लागलेली वस्तू: तलवार’ अशी रचना करून अडचण टाळायची.

त्याहून चिवट आहे सामान्यरूप. ‘तलवार’ला थेट ‘ने’ जोडला तर ‘तलवारने’ होईल. म्हणायचं असतं ‘तलवारीने’. घोडा, पण घोड्यावर. मासा, पण माशाला. यंत्राला हे कळत नाही, म्हणून प्रत्येक नामाची दोन रूपं साठवावी लागतील. साठवण वाढली की पुन्हा जागेचा प्रश्न. नायकाचं नाव खेळणाऱ्याने ठरवायचं असेल, तर ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे आधी विचारून घ्यावं लागेल. नाव ‘गोदा’ ठेवलं आणि सगळं गाव तिला ‘आलास’ म्हणालं, तर खेळाची रंगत तिथेच जाते.

एका बाबतीत मात्र मराठीचा हात इंग्रजीच्या वर आहे. जपानी संवादात कोण कुणाशी किती अदबीने बोलतं यावर पात्र उभं राहतं. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामात ते सपाट होतं. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. अरे-जारे आहे, अहो-जाहो आहे. गावचा म्हातारा, दुकानदार, राजा, नायकाचा जिवलग आणि त्याचा वैरी यांच्या तोंडची भाषा जपानीतून थेट मराठीत वेगवेगळी करता येते. इंग्रजी पॅचवरून मराठी केलं तर ही खूण वाटेतच गळालेली असेल. म्हणून अशा कामात मूळ जपानी वाचणारा निदान एक माणूस लागतो.

असा माणूस महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवलं जातं, आणि जपानीची जागतिक पातळीवरची जेएलपीटी परीक्षा पुण्यात होते. आता हे शहरापुरतंही राहिलेलं नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली परदेशी भाषा शिकवायचं ठरवलं आणि मुलांना निवड विचारली. रोबोटिक्स आणि तंत्रज्ञानाची ओढ असलेल्या बऱ्याच मुलांनी जपानीचं नाव सांगितलं.

पॅच आणि कायदा

चाहते भाषांतरित गेम वाटत नाहीत, वाटतात तो फक्त ‘पॅच’. पॅच म्हणजे मूळ फाइल आणि बदललेली फाइल यांतल्या फरकांची यादी: अमुक जागेपासून इतके बाइट काढा, त्या जागी हे घाला. आयपीएस नावाच्या जुन्या प्रकारात फाइलीच्या सुरुवातीला ‘पॅच’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं असतात, मग एकेक फरक. जागेचा पत्ता त्यात तीन बाइटमध्ये लिहितात, त्यामुळे १६ एमबीच्या पलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. ‘मदर ३’ची फाइल ३२ एमबीची, म्हणून तिच्यासाठी यूपीएस हा नवा प्रकार वापरला गेला. पीएसपीची चकती १.८ जीबीपर्यंत जाते. तिथे एक्सडेल्टासारखे प्रकार चालतात. पॅचमध्ये मूळ गेम नसतो. ज्याच्याकडे गेम आहे त्यालाच त्याचा उपयोग.

म्हणून हे सगळं कायदेशीर ठरतं का? तसं नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कदाराचा आहे, आणि संगणकाचा प्रोग्रॅम हा कायद्याच्या व्याख्येत साहित्यकृतीतच मोडतो. कलम ३२ मध्ये एक वाट दिसते: साहित्यकृती प्रसिद्ध होऊन ७ वर्षं झाली आणि त्या भाषेत भाषांतर आलं नसेल, तर योग्य मोबदला देऊन भाषांतराचा परवाना मागता येतो. पण ही तरतूद पुस्तकं डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. चाहत्यांची भाषांतरं आजवर चालली ती बहुतांशी कंपन्यांच्या कानाडोळ्यावर. इंटरनेटवरून आयता रॉम उतरवणं मात्र उघड चोरीत जमा होतं. पॅच कितीही प्रेमाने केलेला असला तरी त्याने ते झाकलं जात नाही.

कंपन्या कधी कशा वागतील याचे दोन टोकांचे दाखले पीएसपीवरच आहेत. ‘फायनल फँटसी टाइप-०’ हा गेम जपानात ऑक्टोबर २०११ मध्ये आला. चाहत्यांचा इंग्रजी पॅच जून २०१४ मध्ये निघाला. त्याच सुमारास स्क्वेअर एनिक्स कंपनीने नव्या, टीव्हीवर खेळायच्या यंत्रांसाठी हाच गेम इंग्रजीत आणत असल्याचं जाहीर केलं, आणि जुलैत कंपनीच्या दबावाखाली पॅच मागे घ्यावा लागला. याउलट फाल्कॉम कंपनीचा ‘झीरो नो किसेकी’. तो पीएसपीवर सप्टेंबर २०१० मध्ये आला. ‘जिओफ्रंट’ नावाच्या गटाने २०२० साली त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीसाठी इंग्रजी पॅच दिला, आणि एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने त्याच कामाचा आधार घेऊन २०२२ साली अधिकृत इंग्रजी आवृत्ती काढली. घरच्या हौसेतून झालेलं काम थेट दुकानात विकायला आलं.

काही वेळा नुसती वाट पाहणं पुरतं, फक्त आयुष्य थोडं लांब हवं. वकिली डावपेचांवरचा ‘एस ॲटर्नी इन्व्हेस्टिगेशन्स २’ डीएसवर २०११ साली आला, चाहत्यांचं इंग्रजी भाषांतर २०१४ साली पूर्ण झालं आणि कंपनीचं २०२४ साली.

खेळायचं कशावर

मेडशी हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं अकोला–वाशिम रस्त्यावरचं गाव. तिथे बसून आज यातलं काय करता येतं? जुना गेम बॉय शोधत हिंडायची गरज नाही. हातातला अँड्रॉइड फोन हेच सर्वांत सोपं यंत्र. एका यंत्राचं सोंग दुसऱ्या यंत्राला घ्यायला लावणाऱ्या प्रोग्रॅमला ‘इम्युलेटर’ म्हणतात. पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी हा मोफत इम्युलेटर २०१२ साली आला आणि साध्या फोनवरही तो बऱ्यापैकी चालतो. बटणांची सवय असेल तर अँबर्निक किंवा मियू या चिनी कंपन्यांची छोटी यंत्रं ऑनलाइन मागवता येतात. त्यांचे बरेचसे पडदे ६४० बाय ४८० ठिपक्यांचे असतात. गेम बॉयचं चित्र त्यावर बरोबर तिप्पट, ४८० बाय ४३२, होऊन स्वच्छ बसतं.

पॅच लावणं त्याहून सोपं. रेट्रोआर्च किंवा एमजीबीए या प्रोग्रॅममध्ये रॉम आणि पॅच एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने ठेवले की मूळ फाइलला हात न लावता गेम भाषांतरित होऊन उघडतो. पॅच ज्या आवृत्तीसाठी बनला तीच आवृत्ती लागते, एवढं पाहायचं. एका बाइटचा फरक असला तरी अक्षरांचा काला होतो.

रेट्रोआर्चमध्ये २०१९पासून आणखी एक सोय आहे: पडद्याचं चित्र पाठवून त्यावरच्या मजकुराचं यांत्रिक भाषांतर मागवता येतं. दुकानातली यादी वाचायला ते बरं. पण जुने गेम नुसत्या कानात लिहिलेले. कांजी नसली की एकाच उच्चाराचे अनेक शब्द निघतात, आणि जपानी वाक्यात कर्ता बहुधा गाळलेला असतो. यंत्र अंदाज करतं, आणि कथेत अंदाज चुकला की सूत्र हरवतं.

पहिला पॅच केवढा असावा

मराठीत चाहत्यांनी विनामोबदला मोठं काम उभं केल्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि स्वयंसेवकांच्याच बळावर वाढला. तेव्हा माणसं मिळत नाहीत ही सबब पुरेशी नाही. अडतं ते आवाक्यात बसेल असं पहिलं काम निवडण्यापाशी.

इंग्रजी चाहत्यांचा अनुभव सांगतो की मोठ्या गेमवर उडी घेणारे गट बहुधा वाटेत फुटतात. म्हणून गेम बॉयवरचा लहानसा, विनोदी गेम घ्यावा. १९९२ साली निन्टेन्डोने काढलेला ‘काएरु नो तामे नी काने वा नारु’ हा राजपुत्र, बेडूक आणि साप यांची रूपं घेत खेळायचा गेम जपानबाहेर विकलाच गेला नाही. चाहत्यांनी तो २०११ साली इंग्रजीत आणला. गेम बॉयवरच्या अशा गेमचा पसारा पीएसपीवरच्या गेमच्या मानाने फारच लहान असतो. काम चौघांचं आहे. एक जपानी वाचणारा, एक बाइटशी झुंजणारा, एक १६ ठिपक्यांच्या उंचीत देवनागरी कोरणारा, आणि एक मराठीचा जाणकार. तलवारीचं सामान्यरूप, दगडाचं लिंग आणि राजाशी बोलताना बेडकाने ‘तुम्ही’ म्हणावं की ‘आपण’, याचा तक्ता या चौथ्याने करायचा. इंग्रजी गटांना या चौथ्या माणसाची एवढी गरज पडली नव्हती. आपल्याला पडेल, आणि तो पुण्या-मुंबईतच सापडेल असं नाही. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेतला मराठीचा मास्तर हे काम शनिवार-रविवारी करू शकतो. त्याला जपानी येण्याची गरज नाही, गेम खेळता येण्याचीही नाही.